एकच तळं, अख्खं वर्ष

तुतवार
३१ डिसेंबर, सकाळी ११:२०

डिसेंबर सरताना आपल्या पक्षीनिरीक्षकांच्या या मंचावर दरवर्षी "यंदा पक्ष्यांच्या किती जाती बघून झाल्या?" असा धागा निघतो. तो निघेलच, निघावाच. मला मात्र या वर्षाबद्दल जरा वेगळं लिहायचंय.

यंदा मी नव्या जातींच्या मागे गेले नाही. जानेवारीत ठरवलं की एकच तळं धरायचं आणि वर्षभर तिथेच जायचं. तळं काही प्रसिद्ध नाही. रमतगमत काठाने फिरलं की दीड तासात फेरी पुरी होते. एका अंगाला पाणकणीस माजलेलं, दुसऱ्या अंगाला उघडा चिखलाचा काठ, मागे बाभळी आणि थोडा गवताळ माळ. शक्यतो सकाळी जायचं आणि दर वेळी पूर्ण नोंद करायची: दिसलेली-ऐकलेली प्रत्येक जात, तिची संख्या, लागलेला वेळ, चाललेलं अंतर. कावळे आणि साळुंक्यासुद्धा मोजायच्या.

जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यांच्याच ओळखीचे आहेत. थापट्या, तलवार, चक्रांग ही बदकं, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे. फक्त एक गोष्ट सांगते. थापट्यांचा एक घोळका पाण्यात गोल फिरताना दिसायचा, एकामागे एक, चोची पाण्यात. पुढच्यांच्या पायांनी ढवळून वर आलेलं बारीक खाद्य मागचे गाळून घेतात. हे मी आधी वाचलेलं होतं. पण ते चक्र डोळ्यांसमोर जुळताना, मोडताना आणि पुन्हा जुळताना बघणं फार वेगळं. त्या सकाळी मी तासभर जागची हलले नाही.

मार्चपासून खरी गंमत सुरू झाली. पिवळे धोबी पक्षी हिवाळाभर मळकट, काहीसे फिकट असतात. दर फेरीला त्यांच्यात थोडा थोडा फरक पडत गेला. आधी छातीवर पिवळ्याचे तुकडे, मग पूर्ण पोट, मग डोक्याचा रंग स्पष्ट. आणि अगदी देखणे झाले तेव्हाच निघून गेले. काळ्या शेपटीचे पाणटिवळेही तसेच. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढलेला होता आणि पुढच्या फेरीला काठ मोकळा होता. हा साज चढतो तो दूर उत्तरेतल्या विणीच्या जागेसाठी. आपल्याला त्याची फक्त तयारी बघायला मिळते. वंचकाचं मात्र उलट, तो इथलाच. वर्षभर चिखलाच्या रंगाचा, असून नसल्यासारखा. उन्हाळ्यात त्याची पाठ गर्द किरमिजी झाली, डोक्यामागे लांब पांढरी पिसं आली. हाच तो, हे पटायला थोडा वेळ लागावा इतका बदल.

आणि मे. मे महिन्यात तळ्यावर कुणी जात नाही. पाणी मधोमध उरतं, काठाचा चिखल भेगाळतो, बदकं कधीच गेलेली असतात. माझ्या सगळ्यात जास्त पानांच्या नोंदी मे महिन्याच्या आहेत. टिटवीचं एक जोडपं उघड्या खडकाळ काठावर बसलं होतं. घरटं म्हणजे खड्यांमधली जरा सपाट जागा, चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. मी लांबून, बाभळीआडून बघायचे. दुपार चढत जाते तशी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली धरण्यासाठी. मधेच उठून पाण्याशी जाते, पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. जोडीदार आळीपाळीने हे करतात. कुत्रं जवळ आलं की एकजण ओरडत अंगावर जातो, दुसरा गुपचूप घरट्यापासून चालत दूर होतो. एवढा व्यवहार भर उन्हात, आणि आपण त्या महिन्याला "काही नसतं" म्हणतो.

जूनमध्ये चातक आला. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, पहिल्या मोठ्या सरीच्या थोडा आधी तळ्यामागच्या बाभळीवर आवाज आला. पावशा तर त्याआधीपासूनच ओरडत होता. दोघांचंही लक्ष सातभाई पक्ष्यांच्या घरट्यांवर, अंडी तिथेच घालायची असतात. जुलैत सुगरणींची वसाहत सुरू झाली. नर अर्धवट घरटं विणतो, शिरस्त्राणासारखं, आणि त्याला लटकून पंख फडफडवतो. मादी येते, बघते, पसंत पडलं तर आत जाते, मगच तो पुढचं बांधकाम करतो. नापसंत पडलेली कितीतरी अर्धी घरटी शेवटपर्यंत तशीच लोंबत राहिली. कमळपक्ष्यांमध्ये तर मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. लांब शेपटीचा तो पक्षी पानांवरून पिल्लांच्या मागे मागे फिरताना बघितला की सगळा पाऊस सोसल्याचं सार्थक होतं.

ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, ठिपकेवाल्या तुताऱ्या (चिखलाच्या काठावरचे छोटे पाणपक्षी) परत आल्या. आपण हिवाळी पाहुणे म्हणतो, पण त्यांचा "हिवाळा" ऑगस्टपासून सुरू होतो. आधी येतात ती प्रौढ, झिजलेल्या पिसांची. नव्या स्वच्छ पिसांची पिल्लं मागून येतात, आणि चिखल्या-तुताऱ्यांच्या अनेक जातींत ती आईबापांशिवाय येतात. २०२२ मध्ये खूण लावलेलं पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू अलास्काहून निघून न थांबता टास्मानियात उतरलं, ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर. वय जेमतेम पाच महिने. माझ्या तळ्यावर आलेल्या पिल्लांनी इतकं अंतर कापलेलं नसेल, पण वाट दाखवणारं त्यांनाही कुणी नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये बदकं आली ती ओळखू न येण्याजोगी. विणीनंतर नर आपला रंगीत पिसारा टाकतात, उडायची पिसंही एकदमच गळतात, काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या काळात मादीसारखा तपकिरी वेष बरा पडतो. तोच वेष घेऊन ते इथे येतात आणि डिसेंबरपर्यंत आपल्या डोळ्यांदेखत रंगत जातात. ऑक्टोबरातल्या तपकिरी घोळक्यात चक्रांग कोण आणि थापट्या कोण हे चोच आणि पंखावरच्या चकाकत्या पट्ट्यावरून (त्याला आरसा म्हणतात) शोधण्यात दोन सकाळी गेल्या, आणि त्या वर्षातल्या सगळ्यात आवडत्या सकाळी होत्या.

तर माझं म्हणणं असं: आपण पक्ष्याला एका चित्रावरून ओळखायला शिकतो. पण प्रत्येक पक्ष्याला एक आख्खं वर्ष असतं, आणि ते बघायचं तर एका जागी पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय नाही. इथल्या मंडळींनी आपापलं वर्ष लिहावं. किती जाती झाल्या यापेक्षा, ओळखीच्या कुठल्या पक्ष्याने यंदा काहीतरी नवीन दाखवलं?

---

भटकभवानी
३१ डिसेंबर, दुपारी १:०५

अतिशय सुंदर लिहिलंयस गं. मे महिन्याचा परिच्छेद दोनदा वाचला.

तरी यादीवाल्यांच्या बाजूने थोडं बोलते, कारण मी त्यातली. नवी जागा बघणं म्हणजे यादीत नुसती खूण करणं नव्हे. पट्टेरी राजहंस तुझ्या तळ्यावरही येत असतील. ते तिबेटच्या पठारावरून आणि मंगोलियातून येतात, वाटेत हिमालय ओलांडताना ७,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर त्यांची नोंद झालेली आहे. पण हिमालयाच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केल्याशिवाय तो आकडा अंगात उतरत नाही, निदान माझ्या तरी उतरला नव्हता.

दुसरं, प्रवास केला की पक्ष्यांबरोबर माणसं कळतात. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी मी अमूर ससाणे पाहिले. संध्याकाळी रात्रथाऱ्याला (रात्रीच्या मुक्कामाला) येताना आकाश भरून जातं. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, मधे अरबी समुद्र एका दमात ओलांडतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार होत असल्याचं जगासमोर आलं. आणि २०१३ च्या हंगामात तिथल्याच गावांनी ती बंद केली. एका वर्षात! गावच्या मंडळींनी मला ससाणे ज्या अभिमानाने दाखवले, ते मी माझ्या यादीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त जपून ठेवलंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कोतवाल. पहाटे, उजाडायच्या आधी, शिक्र्याचा हुबेहूब आवाज काढत होता. मी शिक्रा शोधत बसले आणि दिसला हा.

---

नवखी
३१ डिसेंबर, दुपारी ३:४०

नमस्कार. मी यंदा दिवाळीनंतर सुरुवात केली आहे. ताई, तुमचा लेख वाचून आमच्याजवळच्या तळ्यावर उद्याच जावंसं वाटतंय. दोन प्रश्न विचारू का?

१. दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×४२? सगळे वेगवेगळं सांगतात.
२. तपकिरी छोटे पक्षी कसे ओळखायचे? मला ते सगळे सारखेच दिसतात.

---

सातभाई
३१ डिसेंबर, दुपारी ४:१५

नवखी, स्वागत!

दुर्बीण: पहिला आकडा मोठेपणाचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२. म्हणजे पहाटे आणि झाडीत ८×४२ मधून जास्त उजळ दिसतं. शिवाय आठपट दुर्बिणीत दृश्य रुंद असतं, हलणारा पक्षी चटकन सापडतो, आणि हाताचा कंपही कमी जाणवतो. मोठ्या पाण्यावर, लांबच्या बदकांसाठी दहापट बरी. पहिलीच दुर्बीण असेल तर मी डोळे झाकून आठपट सांगेन. घ्यायच्या आधी दोन्ही हातात धरून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतंय ना हे आवर्जून तपासा, याकडे खूपजण दुर्लक्ष करतात.

तपकिरी छोटे पक्षी: रंग शेवटी बघायचा. आधी जागा. पाणकणसात आहे, झुडपात बुडाशी आहे की झाडाच्या शेंड्याला? मग शेपटी: उभी आहे का, लांब आहे का, हलवतोय का? मग आवाज. झुडपातून "टक्... टक्..." असा खडा आपटल्यासारखा आवाज हिवाळ्यात येत राहिला तर तो बहुतेक ब्लाइथचा बोरू वटवट्या. झाडाच्या वरच्या पानांतून "चि-वी" आलं तर हिरवट पर्णवटवट्या. राखी वटवट्या उडताना पंखांचा चटचट आवाज करतो, एकदा ऐकला की विसरत नाही. या तिघांपासून सुरुवात करा, बाकीचे हळूहळू येतील.

तुतवार, माझं उत्तर नावातच आहे. सातभाईंच्या थव्यात एक पिल्लू चातकाचं होतं, आकाराने त्यांच्याहून मोठं, आणि थव्यातले तीन-चार पक्षी आळीपाळीने त्याला भरवत होते. नुसते आईबाप नाहीत, सगळं कुटुंब.

---

कानसेन
३१ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

तुतवार, तुमचं लिखाण मला मुलीने वाचून दाखवलं. माझी नजर गेली काही वर्षं कमी कमी होत गेली आहे आणि आता दुर्बीण उपयोगाची राहिलेली नाही. पण पक्षीनिरीक्षण थांबलेलं नाही, म्हणून लिहितो. हे उत्तर मी बोलतोय आणि ती टंकतेय.

मी सकाळी घराच्या गच्चीवर बसतो. तुमचं तळं, तशी माझी गच्ची. आवाजांनाही वर्ष असतं. दयाळ थंडीत जवळजवळ गप्प असतो, फार तर एखादा कर्कश सूर. फेब्रुवारी-मार्चपासून तो पहाटेच्या अंधारात गायला लागतो आणि तेव्हा एकाच नराकडे किती वेगवेगळ्या लकबी असतात ते मोजत बसावं. तांबटाचं "टुक टुक" ऊन वाढतं तसं वाढतं. कोकीळ थंडीत इथेच असतो पण बोलत नाही, लोकांना वाटतं तो कुठून तरी येतो. पावशाचं "पेरते व्हा" चढत चढत जातं आणि एकदम तुटतं. सप्टेंबरअखेर एका सकाळी करड्या धोब्याचा "चिझिक" असा दुहेरी आवाज डोक्यावरून गेला की मी मुलीला सांगतो, पाहुणे आले.

यंदा मला जे नवीन कळलं ते नाचणाबद्दल. तो माझ्या गच्चीशेजारच्या झाडात वर्षभर असतो. त्याच्या शिळेच्या सुरांचा क्रम मला पाठ होता. यंदा जूनमध्ये शेजारच्या दुसऱ्या नराने तोच क्रम, शेवटचा सूर गाळून, गायला सुरुवात केली. महिनाभर दोघे असेच. बघणाऱ्याला दोन सारखे पक्षी दिसले असते.

ज्यांची दृष्टी कमी होत चालली आहे त्यांनी हा छंद सोडू नये एवढंच सांगायचं होतं. आणि तरुणांनी आवाज आत्ताच शिकून घ्यावेत. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं आधी कमी होतं.

---

भटकभवानी
३१ डिसेंबर, रात्री ८:००

कानसेन काका, नमस्कार घ्या. शेवटचा सूर गाळून! हे मी डोळे उघडे ठेवून कधीच टिपलं नसतं. ताईलाही धन्यवाद सांगा टंकल्याबद्दल.

---

प्रकाशकण
१ जानेवारी, सकाळी ९:५०

सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा. मी कॅमेरा घेऊन फिरणारा. धागा आवडला. फोटोमुळेही पक्ष्याचं वर्ष कळतं हे सुचवतो. एकाच शिक्र्याचे जानेवारी आणि सप्टेंबरचे फोटो शेजारी ठेवले तर पंखातली कुठली पिसं नवीन आहेत, कुठली झिजलीत ते मोजता येतं. पायात कडं किंवा रंगीत पट्टी असेल तर फोटोवरूनच अक्षरं वाचता येतात आणि कळवता येतात. तो पक्षी कुठे पकडून सोडला होता ते समजतं तेव्हाचा आनंद काय सांगावा.

टिटवीच्या घरट्याचे फोटो असतील तर टाका ना. कुठे आहे तेही कळवलंत तर येत्या उन्हाळ्यात येता येईल.

---

तुतवार
१ जानेवारी, सकाळी ११:१५

प्रकाशकण, पिसांच्या झिजेचा मुद्दा फार चांगला आहे, यंदा तसे फोटो काढून ठेवीन. कडं दिसलं तर रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, हे सगळं लिहायचं, नुसती अक्षरं पुरत नाहीत.

घरट्याची जागा मात्र मी देणार नाही, आणि फोटोही टाकणार नाही. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. टिटवी उठली की अंडी उन्हात उघडी पडतात. मेच्या दुपारी काही मिनिटंही जास्त होतात. शिवाय माणूस जिथे थांबून बघतो तिथे कावळा लक्ष ठेवतो. एक माणूस लांबून बघतो तेव्हा हे निभतं, दहा आले की निभत नाही. याच कारणाने विणीच्या काळात आवाजाची ध्वनिफीत लावून पक्ष्याला बाहेर काढण्याच्याही मी पूर्ण विरोधात आहे. नराला वाटतं प्रतिस्पर्धी आला, तो खाणं सोडून भांडायला येतो.

कानसेन काका, तुमचा प्रतिसाद मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला. नाचणाचं ते निरीक्षण तारखांसकट लिहून ठेवा अशी विनंती.

---

प्रकाशकण
१ जानेवारी, दुपारी १२:३०

पटलं. घरट्याचा विषय मागे घेतो. ध्वनिफितीबद्दल मात्र एक शंका: मोजणीच्या शास्त्रीय कामात, घुबडांसाठी वगैरे, ती वापरतातच की.

---

नोंदवही
१ जानेवारी, दुपारी २:१०

वापरतात, पण ठरलेल्या पद्धतीने, थोडा वेळ, परवानगी घेऊन, आणि उत्तर मिळालं की बंद. फोटोसाठी अर्धा तास लावणं त्यात बसत नाही. तुतवार यांच्याशी सहमत.

मूळ लेखातला एक मुद्दा इथे कुणीच उचलला नाही म्हणून लिहितो. "कावळे आणि साळुंक्यासुद्धा मोजायच्या." एवढ्या एका सवयीची किंमत फार मोठी आहे. पूर्ण यादी असते तेव्हा त्यात काय *नाही* हेही कळतं. नुसत्या विशेष पक्ष्यांच्या नोंदीत चिमणी नसेल तर ती दिसली नाही की लिहिली नाही हे समजायला मार्ग नाही.

२०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या इ-बर्ड या संकेतस्थळावरच्या नोंदी, ९४२ जातींचा आढावा. त्यातल्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यांपैकी ६० टक्के जाती कमी होत चालल्याचं दिसलं. १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने सर्वांत वरच्या प्राधान्याच्या. घटणाऱ्यांमध्ये शिकारी पक्षी, स्थलांतरित चिखले-तुताऱ्या आणि बदकं आघाडीवर आहेत, म्हणजे नेमके तुतवार यांच्या तळ्यावरचे पाहुणे. नीलपंखासारखा, आपण तारेवर नेहमीचा समजतो तो पक्षीही इतका घटलाय की त्याचा धोक्याचा दर्जा पुन्हा तपासावा अशी शिफारस आहे. उलट मोर आणि कोकीळ वाढताहेत.

गिधाडांच्या वेळी काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरं खाऊन, ती मरताहेत हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडं संपलेली होती. ती इतकी सर्वत्र होती की फार थोडे लोक ती मोजत होते. माझी कळकळीची विनंती आहे की नेहमीचे पक्षी मोजा.

---

सातभाई
१ जानेवारी, दुपारी ४:४५

नोंदवही, +१००.

चिखले-तुताऱ्यांबद्दल जोडतो. त्यांना पाणी लागतं त्यापेक्षा जास्त उथळ चिखल लागतो. तळ्याचं "सुशोभीकरण" होतं तेव्हा काठ दगडाने बांधून सरळ करतात, पाणकणीस उपटतात, कडेने दिवे लावतात. पाणी तेवढंच राहतं, कधी वाढतंही. पण टिलवे आणि कंठेरी चिखले पाय टेकायला जागा नाही म्हणून निघून जातात, पाणकणसातले बोरू वटवटे आणि पाणकोंबड्या जातात, आणि रात्रथाऱ्याला येणाऱ्या भिंगऱ्याही. उरतात ते गायबगळे आणि पाणकावळे. लोक म्हणतात, पक्षी आहेत की! म्हणून महिन्यागणिक नोंद हवी. काम सुरू होण्याआधी ती कुणाच्या तरी हातात असली तर एक बाजू तरी तशीच ठेवा असं म्हणायला आधार मिळतो.

---

नवखी
२ जानेवारी, सकाळी १०:२०

मी आज तळ्यावर गेले! दोन तास होते. वारकरी, वंचक, टिबुकल्या, शेकाट्या, पांढरा धोबी, खंड्या एवढे स्वतः ओळखले. एक भोवत्या (शिकारी पक्षी) आला तेव्हा सगळे वारकरी पाण्यावर एकमेकांना खेटून गोळा झाले, फार बघण्यासारखं होतं.

एक पक्षी मात्र ओळखता आला नाही. चिमणीएवढा, तपकिरी, पाय लांबसे. पाणकणसाच्या बुडाशी चिखलात टुणटुण धावत बाहेर यायचा, शेपटी झटकन वर करायचा आणि परत आत. भुवई पांढरट. गळ्याखाली काळसर ठिपक्यांची माळ. सातभाई दादांनी सांगितल्यासारखं जागा, शेपटी, आवाज या क्रमाने बघितलं, पण आवाज काही केला नाही त्याने.

---

सातभाई
२ जानेवारी, सकाळी १०:५५

वर्णन झकास! उडाला तेव्हा शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना तांबूस रंग दिसला का?

---

नवखी
२ जानेवारी, सकाळी ११:१०

हो हो! शेपटी पसरली तेव्हा विटकरी काहीतरी दिसलं. ते लिहायचं राहिलं.

---

सातभाई
२ जानेवारी, सकाळी ११:१५

मग नीलकंठी, मादी किंवा पहिल्या हिवाळ्यातला पक्षी. नराच्या गळ्यावर निळा आणि नारिंगी पट्टा असतो. हिवाळ्यात तो अर्धवट झाकलेला असतो, मार्चपर्यंत छान उघडा पडतो. त्याच जागी जात राहा. नर असेल तर तो रंग येताना दिसेल.

---

भटकभवानी
२ जानेवारी, दुपारी १२:००

अभिनंदन नवखी! आणि तुतवार, तू जिंकलीस. मी यंदा प्रवास कमी करणार नाही, पण घरामागची टेकडी महिन्यातून दोनदा ठरवून टाकली. पूर्ण याद्यांसकट. फेब्रुवारीत परसबागेतली पक्षीगणना असतेच, चार दिवस. १९९८ पासून चालू आहे आणि २०१३ पासून भारतातही. सुरुवात तिथून करते.

एक अडचण सांग. मोठा थवा मोजतेस कसा? मी आजवर संख्येच्या जागी सरळ "एक्स" टाकत आले.

---

तुतवार
२ जानेवारी, दुपारी १:३०

टेकडीचं ऐकून फार बरं वाटलं. नवखी, तुमच्या नीलकंठीची पुढची बातमी मार्चमध्ये हवी आहे.

थव्याचं असं. आधी खरोखर दहा पक्षी मोजायचे आणि ते दुर्बिणीच्या दृश्यात केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात भरून घ्यायचं. मग तेवढ्या जागा पुढे पुढे टाकत जायचं. थवा शेकड्यांत असेल तर दहाच्या ऐवजी पन्नासचा तुकडा करायचा. घोळका कडेला विरळ आणि मधे दाट असतो, त्यामुळे तुकडा मधला घ्यायचा आणि कडेचाही एक, दोन्हींचा मेळ घालायचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोजून झालं की उलट दिशेने पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांत फार अंतर असेल तर तिसऱ्यांदा. मिश्र थवा असेल तर आधी एकूण आकडा काढायचा, मग चार-पाच ठिकाणी शंभरात कुठल्या जातीचे किती ते बघून वाटणी करायची.

अंदाज तीनशेचा आणि खरे साडेतीनशे असले तरी चालतं. "एक्स" लिहिलं तर तीन होते की तीन हजार हे पुढे कुणालाच कळणार नाही.